पाच नंबरने जागा सोडायची नाही

आमच्या घरी फुटबॉल दोन जागी चालायचा. खाली मैदानात पुरुष तो खेळायचे आणि वर जेवणाच्या टेबलावर बाबा तो काढायचे. काढायचे म्हणजे खरोखरच काढायचे, ट्रेसिंग पेपरवर, काळ्या शाईने, पट्टी लावून. सौदी अरेबियातल्या रास तनुराची रिफायनरी तेव्हा अशा वेगाने वाढत होती की आज मोकळी दिसणारी वाळू पुढच्या महिन्यात टाक्यांनी भरलेली असे, आणि बाबा तिथल्या एका कंत्राटदार कंपनीत ड्राफ्ट्समन होते. प्रत्येक पाइप जमिनीवर येण्याआधी कागदावर यावा लागतो; तो बाबांच्या कागदावर यायचा. दिवसभर पाइप काढून आलेला माणूस संध्याकाळी पुन्हा पट्टी आणि पेन घेऊन बसतो, हे आईला कधी पटलं नाही. "ऑफिसात पोट भरलं नाही का, अहो?" असं विचारून ती ट्रेसिंगच्या कडेला भाजीची परात ठेवायची, म्हणजे बाबांना उठून ती हलवावीच लागे.

रिफायनरीला लागून असलेल्या रहीमा गावात तीन मजली बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहायचो. खिडकीतला एसी सतत घरघरायचा, इतका की तो बंद पडला की आम्ही सगळे दचकून वर बघायचो. त्या घरघरीच्या मागे रिफायनरीच्या फ्लेअरचा, म्हणजे जळत्या वायूच्या उंच चिमणीचा, आवाज असे, आणि त्याच्यावर दिवसातून पाच वेळा अजान. अजान झाली की खालच्या बकालाचं, म्हणजे किराणा दुकानाचं, शटर खाली यायचं आणि आईची कोथिंबीर अर्ध्या तासाने लांबायची. आम्ही कोल्हापूरचे. कांदालसूण मसाला दर सुट्टीत बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये यायचा आणि आमचे कपडे शाळेत वर्षभर त्याच वासाचे राहायचे. शुक्रवारी मटण ठरलेलं. तांबडा रस्सा तिथेही तांबडाच व्हायचा. पांढऱ्यासाठी ओला नारळ मिळेना, म्हणून आई डब्यातलं नारळाचं दूध वापरायची आणि दर शुक्रवारी "हे काही खरं नव्हे" असं म्हणून वाढायची. भाकरीऐवजी खुब्ज, म्हणजे तिथली अरबी रोटी. गरम खुब्ज पांढऱ्या रश्शात बुडवून खाल्लेला माणूस भाकरीची आठवण काढत नाही, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. आईसमोर मी ते कधी बोलले नाही.

मी तेव्हा आठवीत. दम्मामच्या शाळेची बस दुपारी मला सोडायची आणि संध्याकाळपर्यंत करण्यासारखं फार काही नसायचं. मुलींनी खाली खेळायचा प्रश्न नव्हता. गच्ची मात्र आमची. तिचा कठडा माझ्या डोक्याएवढा उंच होता आणि त्यात नक्षीच्या जाळीचे ठोकळे बसवलेले होते, म्हणजे आतल्या बाईला बाहेरचं दिसावं आणि बाहेरच्याला आतली बाई दिसू नये. आई तिथे सांडगे वाळत घालायची, मी जाळीला डोळा लावायची. समोरच वाळूचं मैदान होतं. कॅम्पांमधल्या, म्हणजे कामगारांच्या वसाहतींमधल्या, टीम शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर, ऊन उतरलं की, तिथे खेळायच्या. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला दिसायची ती धूळ आणि पाय. मला वरून बावीसच्या बावीस माणसं दिसायची आणि त्यांच्यामधल्या रिकाम्या जागाही दिसायच्या. पुढे आयुष्यात मला जे काही थोडंफार जमलं ते रिकामी जागा दिसण्यामुळे जमलं, आणि ते शिक्षण त्या जाळीच्या भोकातून झालं. मी स्वतः आजतागायत फुटबॉलला पाय लावलेला नाही.

आमची टीम कोकणातल्या वेल्डर आणि फिटर लोकांची होती. कोच बाबा, कारण कोल्हापूरचा माणूस फुटबॉल जाणतोच असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. बाबा तरुणपणी पेठेच्या टीममधून खेळलेले होते आणि ते त्यांनी कोणाला विसरू दिलं नाही. "कोकणातल्या माणसाकडं बॉल आला की तो आधी हातानं धरतोय, मासा असल्यागत," असं ते म्हणायचे. त्यावर गोलकीपर हमीदभाई, जे दापोलीकडचे होते, उत्तर द्यायचे, "म्हणून तर मला गोलात ठेवलात ना साहेब, मग तक्रार कसली?"

प्रत्येक मॅचचं एक ड्रॉइंग व्हायचं. आमची माणसं गोलांनी, समोरची माणसं व्हॉल्व्हच्या खुणेने, म्हणजे टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांनी. अक्षरं मी लिहायची. इंग्रजी अक्षरांना स्टेन्सिल होती, पण ही ड्रॉइंगं मराठीत असत, आणि मराठीला स्टेन्सिल कुठली. म्हणून वरखाली पेन्सिलीच्या फिक्या रेघा ओढून मी एकसारखी अक्षरं काढायला शिकले होते. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट: ड्रॉइंग नंबर, तारीख, सही. ऑफिसातलं ड्रॉइंग असो की मैदानातलं, सहीशिवाय कागद घराबाहेर जायचा नाही. काही बदल करायचा झाला तर ब्लेडने जुनी शाई हलकेच खरवडायची, नवी रेघ मारायची, बदलाजवळ छोटा त्रिकोण काढून त्यात बदलाचा नंबर घालायचा आणि चौकटीत पुन्हा सही. याला रिव्हिजन म्हणतात. सही नसलेली रिव्हिजन म्हणजे कागदावर सांडलेला चहा, असं बाबा म्हणायचे. मग ते ट्रेसिंग ऑफिसात जायचं, त्याच्या अमोनियाच्या वासाच्या निळ्या प्रती निघायच्या आणि बुधवारी कॅम्पच्या बसने अकरा माणसांच्या हातात पडायच्या. वेल्डिंगसाठी येणारा कागद जसा खिशात ठेवायचे तसाच हा कागदही ते लोक घडी घालून खिशात ठेवायचे.

फुटबॉलचा इतिहासही बाबांनी मला रिव्हिजनांच्या भाषेत शिकवला. "आधी काय होतं, तर मागं दोन, मधी तीन आणि पुढं पाच. पाच! म्हणजे निम्मं गाव गोल मारायला निघालेलं." तेव्हाचा ऑफसाइडचा नियम असा होता की पुढे गेलेल्या माणसाच्या आणि गोलरेषेच्या मध्ये समोरचे तीन गडी असायला हवेत. मग नियम बदलला, तिनाचे दोन झाले, आणि गोलांचा पाऊस पडू लागला. तेव्हा कोणा इंग्रजाने मधल्या तिघांतला मधला माणूस, पाच नंबर, उचलून मागे दोघांच्या मध्ये आणून उभा केला आणि पुढच्या पाचांतले दोघे थोडे खाली ओढले. वरून बघितलं तर पुढे इंग्रजी डब्ल्यू आणि मागे एम. पाचाचं काम एकच, समोरचा नऊ नंबर, म्हणजे मधला पुढचा गडी, धरायचा. "झालं. गणित सुटलं," बाबा म्हणायचे. त्यांच्या तारुण्यात हेच खेळलं जायचं, म्हणून त्यांच्या लेखी इतिहास तिथे संपला होता. प्रत्येकाच्या लेखी इतिहास त्याच्या पंचविशीत संपतो, हे मला आता कळतं, कारण माझ्या ऑफिसातली मुलं माझ्याकडे अधूनमधून त्याच नजरेने बघतात.

मला मात्र पुढच्या रिव्हिजना माहीत होत्या. हवेत दमटपणा वाढला की आमच्या अँटेनावर बहरीनचं चॅनेल स्वच्छ दिसायचं, आणि त्यावर दुपारी युरोपातल्या मॅचेस लागायच्या, अरबी कॉमेंट्रीसकट. बाबा त्या वेळी ऑफिसात. मागे चार माणसं उभी असलेल्या टीम मी तिथे पाहिल्या. नऊ नंबरचा गडी मुद्दाम खाली, मैदानाच्या मध्यापर्यंत येतो आणि त्याच्या मागे धावणारा बचाववाला आपल्या घराचं दार उघडं टाकून जातो, हेही पाहिलं. मी एकदा बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "टीव्हीवर कॅमेरा हलतोय गं, म्हणून तसं वाटतंय."

मग सुदानी टीमशी पहिली मॅच झाली. त्यांचा नऊ नंबर उस्मान नावाचा सर्व्हेअर होता, उंच, सावकाश चालणारा, घाई कशी ती नाहीच. आमचा पाच नंबर जयवंत तांडेल. देवगडचा, वेल्डर, खांदे दाराएवढे, आणि ज्याच्या वेल्डिंगचा सांधा एक्स-रेत कधी नापास झाला नाही असा. त्याच्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: पाच नंबरने नऊ नंबरला सोडायचं नाही. उस्मान सुरुवातीलाच खाली मध्यापर्यंत आला. तांडेल त्याच्या मागोमाग आला. आमच्या गोलासमोर, मी वरून बघत होते, एखादं घर रिकामं करून ठेवावं तशी जागा पडली. सुदान्यांचे आठ आणि दहा नंबर तिथून आत शिरले. एक गोल. उस्मान उजवीकडे गेला, तांडेल उजवीकडे. दुसरा गोल. मी जाळीवर हात आपटत होते आणि आई म्हणत होती, "सांडग्यांवर धूळ उडवू नकोस." तिसऱ्या गोलाच्या आधी उस्मान रेषेबाहेर पाण्याच्या पिंपाकडे गेला. तांडेलही गेला. शेजारी जाऊन उभा राहिला. उस्मानने आधी त्याच्याकडे बघितलं, मग ग्लास भरून त्याच्यापुढे धरला, आणि सगळं मैदान हसलं. तांडेल पाणी पीत असतानाच तिसरा गोल झाला.

त्या दिवसापासून कॅम्पात त्याचं नाव शेपूट पडलं. सुरुवात हमीदभाईंनी केली. तीन गोल खाल्लेल्या गोलकीपरला दुसऱ्या कोणाचं तरी नाव पुढे करावंच लागतं. मेसमध्ये तांडेल ताट घेऊन उठला की कोणीतरी त्याच्या मागे चालायचं. दोन आठवड्यांनी त्याच टीमशी दुसरी मॅच होती आणि बाबांनी जाहीर केलं की तांडेलला बसवायचं.

पुढच्या गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, तांडेल आमच्या घरी आला. मी आतल्या खोलीच्या दारात उभी होते. तो सोफ्याच्या अगदी कडेला बसला आणि खिशातून ती निळी प्रत काढून त्याने टेबलावर पसरली.

"साहेबानू, माझा काय चुकला तां सांगा," तो म्हणाला. "कागदार लिवलला, सोडूचा नाय. मी सोडूक नाय."

"अरे, पण पाणी प्यायला गेलेल्या माणसाला धरून काय करायचंय?"

"कागदार पाण्याचा कायच नव्हता."

बाबा हसले. तांडेल हसला नाही. तो म्हणाला की त्याचं कंत्राट संपलंय, पासपोर्टवर फायनल एक्झिटचा, म्हणजे कायमचं परत जायचा, शिक्का बसलाय, मॅचनंतरच्या बुधवारी त्याचं विमान आहे. "सात वर्सां हय काम केलंय. एक सांधो फुटूक नाय. आणि जातलंय तां शेपूट म्हणान?"

बाबा म्हणाले, "ड्रॉइंग बरोबर होतं, तांडेल. मैदानात डोकं चालवावं लागतं. पुढच्या मॅचला दुसरा गडी बघतोय मी."

तांडेलने कागदाची पहिल्याच घड्यांवर घडी घातली आणि तो गेला. मला राग आला तो या डोकं चालवण्यावर. याच घरात, याच टेबलावर, बाबांनी दहा वेळा सांगितलेलं होतं की साइटवर ज्या वेल्डरने स्वतःचं डोकं चालवून पाइप दोन इंच सरकवला त्याला त्याच दिवशी साइटवरून काढलं. या माणसांना कागद पाळायला आपणच शिकवायचं, आणि कागद चुकला की त्यांनी तो का पाळला म्हणून त्यांनाच बसवायचं.

मी बाहेर येऊन म्हणाले, "बाबा, चूक तांडेलकाकांची नाही. ड्रॉइंगची आहे."

"काय?"

"पाच नंबरने जागा सोडायची नाही. नऊ खाली आला तर त्याला आपल्या चार नंबरने घ्यायचं. मी वरून बघितलंय."

"गच्चीवरनं?"

"गच्चीवरनंच दिसतं."

"मंगल," बाबा म्हणाले, "मी ह्या खेळात नडग्या फोडून घेतल्यात. तू सांडग्यांकडं बघ." आणि आई, जी एरवी माझी बाजू घेत नसे, स्वयंपाकघरातून म्हणाली, "सांडगे माझे आहेत. तिला त्यात ओढू नका."

सोमवारी बाबांनी नवं ट्रेसिंग केलं. जुनंच ड्रॉइंग, पाच नंबरच्या जागी एका फिटरचं नाव. मी अक्षरं लिहिली, त्यांनी सही केली, गुंडाळी दाराजवळ उभी केली. मंगळवारी सकाळी त्यांच्या ऑफिसात साहेब लोक येणार होते म्हणून गुंडाळी घरीच राहिली. दुपारी मी शाळेतून आले. आई खालच्या मजल्यावरच्या पंजाबी शेजारणीकडे गेली होती. मी गुंडाळी सोडली, चारी कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवले आणि ब्लेड घेतलं. नाव खरवडलं, तिथे तांडेल लिहिलं. पाचाकडून नवाकडे जाणारा बाण आणि खालची जुनी ओळ खरवडली, चाराकडून नवाकडे नवा बाण काढला. खाली लिहिलं: पाच नंबरने जागा सोडायची नाही. बाजूला त्रिकोण, त्रिकोणात एक. आणि चौकटीत, जिथे रिव्हिजनची सही लागते तिथे, बाबांची सही केली. त्यांची सही मला डोळे मिटून येत होती. प्रगतिपुस्तकावर मात्र मी ती कधी केली नव्हती. माझं बरोबर आहे याची मला खात्री होती, आणि खात्री असलेला माणूस कोणाला विचारायला थांबत नाही. म्हणूनच अशा माणसांवर नजर ठेवावी लागते, हे मी आता अठरा माणसांचं ड्रॉइंग ऑफिस चालवताना शिकले आहे.

एकदा तपासलेलं ड्रॉइंग बाबा पुन्हा उघडत नसत. प्रती निघाल्या, बसने कॅम्पात गेल्या.

शुक्रवारी मी जेवले नाही. पांढरा रस्सा तसाच राहिला, तेव्हा आईने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. गच्चीवर गेले तर टीम मैदानात उतरत होती आणि तिच्यात तांडेल होता. बाबा त्याच्याकडे तरातरा गेले. हात हलले, तांडेलने खिशातून कागद काढला. बाबांनी तो उघडला. बाकीचेही आपापले कागद काढून पुढे आले, म्हणजे बाबांच्या भोवती निळ्या कागदांचं कडंच झालं. वरून मला बाबांची फक्त टाळू दिसत होती. ते खूप वेळ वाचत राहिले. पाच शब्द वाचायला इतका वेळ लागत नाही. त्यांनी एकदा मान वर करून आमच्या बिल्डिंगकडे बघितलं. जाळीतून मी दिसणं शक्य नव्हतं, तरी मी खाली बसले. पुन्हा उठून बघितलं तेव्हा कागद तांडेलच्या हातात होता आणि बाबा रेषेबाहेर गेले होते.

उस्मान पाचव्या मिनिटाला खाली आला. तांडेल दोन पावलं त्याच्यामागे गेला, थांबला आणि परत फिरला. उस्मान चालता चालता वळून बघू लागला की अजून हा आला कसा नाही. पुन्हा खाली आला, पुन्हा वळून बघितलं. तांडेल गोलासमोर हात पसरून उभा. आमचा चार नंबर उस्मानला जाऊन भिडला, सुदान्यांचे आठ आणि दहा नंबर आत घुसायला बघत होते आणि समोर दाराएवढे खांदे होते. मी आईला म्हणाले, "बघ, बघ." आई म्हणाली, "काय बघू? एक माणूस नुसता उभा आहे." त्याहून चांगलं वर्णन मी आजवर कुठल्याही कोचकडून ऐकलेलं नाही.

मग गोल झाला. तो तांडेलच्या बाजूने झाला नाही. चार नंबर उस्मानला धरायला उठला की त्याची स्वतःची जागा रिकामी पडत होती, आणि सुदान्यांच्या दहा नंबरला ती सापडली. लांबून मारलेला बॉल हमीदभाईंच्या हातांवरून गेला. ते भोक माझं होतं. एक दार लावताना मी दुसरं उघडं ठेवलं होतं. फुटबॉलचा सगळा इतिहास याच कामाचा आहे हे मला आज ठाऊक आहे. त्या क्षणी मी फक्त जाळीवरून डोळा काढून घेतला.

हाफ टाइमला बाबा वाळूत गुडघ्यावर बसले. खिशातली सहा इंची पट्टी काढून त्यांनी वाळूत रेघा मारल्या, भोवती सगळे वाकले. खेळ सुरू झाला तेव्हा आमचा आठ नंबर, जो आतापर्यंत पुढे खेळत होता, खाली येऊन चाराच्या जागेवर उभा राहू लागला. रिव्हिजन दोन. तांडेल पाचाच्या जागी होता तिथेच होता. बाबांनी माझी रेघ पुसली नव्हती, तिच्यापुढची रेघ मारली होती. शेवटी शेवटी एका कॉर्नरवर कोणाचं तरी डोकं लागून आमचा गोल झाला. एक-एक. आम्ही जिंकलो असं लिहायला मला आवडलं असतं, पण बरोबरी झाली. टीम तांडेलला उचलायला गेली, आणि तो वजनदार असल्याने जेमतेम गुडघ्याएवढा उचलला गेला.

बाबा घरी आले, बूट झटकले, टेबलाशी बसले. "चार उठल्यावर त्याची जागा कोणी घ्यायची?"

"ते राहिलं," मी म्हणाले.

"राहिलं म्हणजे? ड्रॉइंगमध्ये राहिलं म्हणून चालत नाही."

"नाही."

"बाकी बरोबर होतं," ते म्हणाले. मग त्यांनी खिशातली पट्टी काढून टेबलावर ठेवली. "आता सहीचं. माझी सही बघून तो माणूस दोन पावलांवर थांबला. ती माझी नव्हती. उद्या पाइपच्या ड्रॉइंगवर कोणी असं केलं तर माणसं जळून मरतील, माहीत आहे ना? मला सांगितलंस, मी ऐकलं नाही, ती माझी चूक. पण त्याला तू फसवलंस. त्याला तूच सांगायचं."

सोमवारी संध्याकाळी तांडेलला जेवायला बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून आला आणि बाजारातून एक अख्खी सुरमई घेऊन आला. आईला माशातलं फारसं कळत नव्हतं. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून सांगत होता आणि आई आत ऐकत होती.

"वयनीनू, तिरफळां आसत काय?"

"ते काय असतं?"

"मगे ऱ्हवांदे. मसालो कमी घाला. कमी! ह्या मटाण नाय."

ताटं वाढली. मी पहिल्या घासाआधीच बोलून टाकलं, नाहीतर जेवण गेलं नसतं. "तांडेलकाका, त्या कागदावरची रिव्हिजनची सही बाबांची नव्हती. मी केली होती. तुमचं नावही मीच घातलं."

तांडेलचा हात भातात तसाच राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, बाबांकडे बघितलं. "म्हणजे साहेबांनी माका घेवक नाय होता?"

"नव्हतं घेतलं," बाबा म्हणाले.

"माका वाटला, साहेबांका समाजला."

मी काय केलं ते मला तेव्हा कळलं. मॅचपेक्षा त्याला ही गोष्ट मोठी होती, आणि ती मी खोटी दिली होती आणि आता परत घेतली होती.

"समजलं," बाबा म्हणाले. "हाफ टाइमला समजलं. पहिल्या मॅचचं ड्रॉइंग चुकलेलं होतं, तांडेल. तू कागदाप्रमाणे काम केलंस. कागद चुकीचा होता आणि तो माझा होता."

"ह्या तुमी हय बोलतास. कॅम्पात तेंका कोण सांगतला?" तांडेलने हात ताटाच्या कडेला पुसला. "साहेबानू, कागदार घाला."

"जेवून घ्या आधी, मासा गार होतोय," आई म्हणाली.

"मासो पळाचो नाय, वयनीनू."

बाबा उठले, हात धुतले, पेन आणि पट्टी घेऊन आले. मी रेघा ओढायला हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे, मी लिहितो." तांडेलने खिशातून काढून दिलेल्या पहिल्या मॅचच्या त्या निळ्या प्रतीच्या मागे त्यांनी स्वतःच्या तिरक्या अक्षरात लिहिलं, सही केली, तारीख घातली. तांडेलने ते दोनदा वाचलं, कागद शर्टाच्या खिशात ठेवला आणि मग सुरमईच्या तीन तुकड्या खाल्ल्या. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "बाय, चारच्या जागेर कोण तां लिवक होया होता." बस्स, एवढंच.

बुधवारी तो गेला. शुक्रवारी हमीदभाई आईचा डबा परत द्यायला आले. तिने तांडेलला प्रवासासाठी धपाटे दिले होते. ते दारातच उभे राहून सांगू लागले. "भाभी, मंगळवारी मेसमध्ये तो बाकावर चढला. मला म्हणतो, हमीद, तू ये, वाच. मी उर्दू शाळेतला, मराठी अक्षर मला एक-एक लावून वाचावं लागतं, आणि साहेबांचं अक्षर ते तसलं. 'पहिल्या ड्रॉइंगमधली चूक माझी आहे,' इथपर्यंत आलो आणि पुढे अडलो. तो म्हणे, पहिल्यापासून वाच. परत अडलो. परत पहिल्यापासून. 'तांडेल यांनी ड्रॉइंगप्रमाणे काम केले,' इथे येईपर्यंत सगळ्या मेसला पाठ झालं, सगळे माझ्याबरोबर ओरडून म्हणायला लागले. मी म्हटलं, झालं ना बाबा आता, उतर खाली. तर नाही. बोट लावून म्हणतो, खाली सही आसा, ती कोण वाचतलो?"